शाळेतल्या एड्स-शिक्षणाचे माप कसे घ्यायचे?

१ डिसेंबर हा जागतिक एड्स दिन. नाशिकमध्ये त्या दिवशी लाल फिती लावून प्रभातफेरी निघते, महाविद्यालयांचे रेड रिबन क्लब पथनाट्य करतात, शाळांत घोषवाक्यांची आणि रांगोळीची स्पर्धा होते. संध्याकाळपर्यंत फोटो वरिष्ठांच्या ग्रुपवर पडतात आणि अहवाल तयार होतो : इतक्या शाळा, इतके विद्यार्थी, इतकी पत्रके. अहवालातले आकडे खरेच असतात. पण डास चावल्याने एचआयव्ही होतो असे नववीतल्या एखाद्या मुलीला वाटत होते, ते वाटणे गेले की तसेच राहिले, हे त्या अहवालातून कळत नाही. कार्यक्रम किती झाले ही मोजदाद झाली. मूल्यमापन हे त्याहून वेगळे काम आहे आणि आपल्या शाळांत ते फार क्वचित होते.

गरज अजून आहे का?

एड्सची भीती ओसरली, आता कशाला हा विषय, असे पालक-शिक्षक सभेत हमखास कुणीतरी म्हणते. २०२१ च्या सरकारी अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. त्यांतले सुमारे ३ लाख ९४ हजार एकट्या महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. नवे संसर्ग पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाले, औषधे मोफत मिळू लागली, हे खरे. माहितीची स्थिती मात्र तितकी सुधारलेली नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या फक्त २२ टक्के स्त्रियांना आणि ३१ टक्के पुरुषांना एचआयव्हीची पुरेशी, सर्वांगीण माहिती होती. आधीच्या पाहणीतही आकडे जवळपास हेच होते. एवढ्या फेऱ्या, एवढ्या भिंती रंगवून झाल्यावरही आकडा जागचा हलत नसेल, तर शिकवण्याच्या पद्धतीकडेच बघायला हवे.

नाशिक जिल्हा अशा मूल्यमापनासाठी मुद्दाम निवडावा असा आहे. इगतपुरी-घोटीपासून पिंपळगाव, चांदवड, मालेगावपर्यंत मुंबई-आग्रा महामार्ग जिल्ह्याच्या अंगावरून जातो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत बाहेरगावचे कामगार येतात. द्राक्षांच्या हंगामात सुरगाणा-पेठकडची कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या बागांत मजुरीला उतरतात आणि मुलांची शाळा अर्ध्यावर तुटते. शहरात मराठी आणि इंग्रजी माध्यम, मालेगावात उर्दू माध्यम, आदिवासी तालुक्यांत आश्रमशाळा. एकाच जिल्ह्यात इतक्या तऱ्हेच्या शाळा असल्यावर ‘शाळेत एड्स-शिक्षण होते’ हे एक वाक्य सगळ्यांना लागू पडत नाही.

इथवर कसे आलो

लैंगिक शिक्षणाचा वाद महाराष्ट्राला नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि पुढे त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये सापडले. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे ‘नॅको’ उभी राहिली, १९९८ मध्ये राज्याची एड्स नियंत्रण संस्था आली. २००५ मध्ये केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने आणि नॅकोने मिळून किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आणला. त्यात नववी आणि अकरावीसाठी १६ तासांचा आराखडा होता.

दोन वर्षांत तो अडखळला. २००७ मध्ये त्यातल्या चित्रांवरून आणि मजकुरावरून काही राज्यांत ओरड झाली. महाराष्ट्रातही विधिमंडळात विरोध झाला आणि सरकारने कार्यक्रम थांबवला. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने, व्यंकय्या नायडू अध्यक्ष असताना, शाळांत लैंगिक शिक्षण नको अशा आशयाचा अहवाल दिला. विरोधाचे मुख्य म्हणणे असे होते की, मुलांना हे सांगितले तर ती बिघडतील.

हे म्हणणे तपासता येण्याजोगे होते आणि योगायोगाने, कार्यक्रम थांबला त्याच वर्षी ते तपासून झाले होते. डग्लस कर्बी या अमेरिकी संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या अशा कार्यक्रमांची ८३ मूल्यमापने एकत्र करून २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. अशा शिक्षणामुळे मुले लैंगिक संबंधांकडे लवकर वळतात याला त्यांत आधार सापडला नाही. उलट सुमारे दोन तृतीयांश कार्यक्रमांत निदान एका बाबतीत तरी वागणूक सुधारलेली दिसली. आपल्याकडची चर्चा मात्र चित्रांवरच अडली. आपल्या शाळांतून गोळा केलेली भक्कम मोजमापे तेव्हा हाताशी असती, तर वाद टळला नसता, पण निदान तो कशावर चालला आहे हे सर्वांना कळले असते.

पुढे २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. सरकारी रुग्णालयांतली ‘मैत्री’ क्लिनिक त्यातलीच. २०२० मध्ये आयुष्मान भारत अंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या ११ विषयांत प्रजनन आरोग्य आणि एचआयव्ही प्रतिबंध आहे, आणि प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांनी ‘आरोग्यदूत’ व्हावे अशी त्यात योजना आहे. आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आरोग्य व रोग’ या पाठात एड्स आहेच. तेव्हा कागदावर काही कमी नाही.

आधी बघा : तास झाला का?

मूल्यमापन म्हटले की लोक लगेच प्रश्नपत्रिका काढायला बसतात. त्याआधीचा प्रश्न साधा आहे. वेळापत्रकात असलेला तास प्रत्यक्षात घेतला गेला का, किती मिनिटे, कुणी आणि कसा?

ज्यांनी शाळा जवळून पाहिली आहे त्यांना हे ठाऊक असते. पाठाचा तो भाग आला की ‘घरी वाचून या’ असे सांगून सर पुढे जातात. कुठे मुलांना मैदानावर पाठवून फक्त मुलींना मॅडम काहीतरी सांगतात. कुठे बाहेरचे पाहुणे सभागृहात पाचवी ते दहावी एकत्र बसवून तासभर भाषण देतात आणि शेवटी ‘काही शंका?’ विचारतात. पाचशे मुलांत उभे राहून कंडोमबद्दल शंका विचारणारे पोर अजून जन्माला यायचे आहे. अशा शाळेत चाचणीचे गुण कमी आले, तर दोष अभ्यासक्रमाचा की न झालेल्या तासाचा, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून पहिली नोंद तासाची हवी, आणि ती शिक्षकाने भरलेल्या तक्त्यावरून नव्हे. आठवड्याभराने मुलांनाच विचारावे : या विषयावर वर्गात काय बोलणे झाले? उत्तर दोन ओळींत येते आणि पुरेसे बोलके असते.

प्रश्नपेटी हे याच कामाचे दुसरे साधन. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. तास होण्याआधीच्या चिठ्ठ्या आणि नंतरच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. आधी ‘एड्स कशाने होतो’ असे ढोबळ प्रश्न असतील आणि नंतर ‘सप्तशृंगीच्या यात्रेत एकाच सुईने सगळ्यांना गोंदतात, त्याचे काय?’ असा नेमका प्रश्न आला, तर तास पोहोचला असे समजावे. नंतरची पेटी रिकामी निघाली तर काळजी करावी. कुतूहल संपले म्हणून पेटी रिकामी राहत नाही, विश्वास बसला नाही म्हणून राहते.

ज्ञान कसे तपासायचे

‘एड्सचे पूर्ण रूप लिहा’ हा प्रश्न आपल्या परीक्षांचा लाडका. त्याचे उत्तर येणारे मूल एचआयव्ही असलेल्या शेजाऱ्याच्या घरचे पाणी पिईल की नाही, हे त्यावरून कळत नाही. राष्ट्रीय पाहणीत ‘सर्वांगीण माहिती’ ठरवताना पाच गोष्टी बघतात. दर वेळी कंडोम वापरल्याने धोका कमी होतो हे माहीत आहे का? एकनिष्ठ आणि संसर्ग नसलेल्या एकाच जोडीदाराने धोका कमी होतो हे माहीत आहे का? निरोगी दिसणाऱ्या माणसालाही एचआयव्ही असू शकतो हे कळते का? शिवाय दोन सर्वांत जास्त पसरलेले गैरसमज मनातून गेले आहेत का? पाचही बरोबर असतील तरच ती व्यक्ती त्या २२ किंवा ३१ टक्क्यांत धरली जाते. शाळेनेही हीच पट्टी वापरावी, म्हणजे निकाल जिल्ह्याशी, राज्याशी ताडून पाहता येतो.

मुले सहसा रक्त, सुई, आईकडून बाळाला हे मार्ग पाठ असल्यासारखे सांगतात. अडतात ती गैरसमजांवर : डास, एका ताटात जेवणे, एकच शौचालय, शिंक. त्यातही डासाचे कोडे खरोखर तर्काचे आहे. डास रक्त पितो, मग एकाचे रक्त दुसऱ्याला का देत नाही? ‘होत नाही’ एवढेच सांगून हे मिटत नाही. डास दुसऱ्याला चावताना आधी प्यालेले रक्त आत सोडत नाही, तो स्वतःची लाळ सोडतो. शिवाय हा विषाणू डासाच्या शरीरात वाढत नाही, पचून जातो. मलेरियाचा जंतू डासात वाढतो, हा वाढत नाही. एवढे कारण दिले की मूल ते विसरत नाही. म्हणून चाचणीत एक तरी प्रश्न ‘का?’ असा असावा. आणि प्रत्येक चूक-बरोबर प्रश्नाला ‘माहीत नाही’ हा तिसरा पर्याय हवा, नाहीतर निम्मे गुण नाणेफेकीचे असतात.

उत्तरसूचीही तपासून घ्यावी लागते, कारण काही शाळांत अजून वीस वर्षांपूर्वीची माहिती शिकवली जाते. कवटीचे चित्र आणि ‘एड्स म्हणजे मृत्यू’ हे आता शास्त्राला धरून नाही. सरकारने २००४ पासून एचआयव्हीवरची एआरटी औषधे मोफत द्यायला सुरुवात केली आणि २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला लगेच उपचार देण्याचे धोरण आहे. नियमित औषधाने विषाणूचे प्रमाण चाचणीत सापडणार नाही इतके खाली आले, तर लैंगिक संबंधांतून संसर्ग जात नाही. उपचाराविना आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते, उपचाराने ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. ‘एचआयव्ही असलेल्या बाईने मूल होऊ देऊ नये’ याला जी प्रश्नपत्रिका बरोबर धरते, तीच आधी नापास करावी.

भाषेचा मुद्दा छोटा पण महत्त्वाचा. पुस्तकी मराठीतला ‘असुरक्षित लैंगिक संबंध’ हा शब्दप्रयोग शहरातल्या मुलालाही धूसर वाटतो. घरी कोकणा किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला तर तो आणखी परका. प्रश्न आधी त्या भागातल्या पाच-दहा मुलांना वाचून दाखवावेत आणि ‘यात काय विचारले आहे?’ हे त्यांनाच सांगायला लावावे.

वागणूक : इथे हात जपून

खरे माप संसर्ग कमी झाला का हे, असे कुणीही म्हणेल. शाळेच्या पातळीवर ते शक्य नाही. महाराष्ट्रात प्रौढांतले एचआयव्हीचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी आहे, शाळकरी वयात त्याहून बरेच कमी. दहा-वीस शाळांत रक्त तपासून काहीच निष्पन्न होणार नाही, आणि मुलांची अशी तपासणी करणे गैर आहेच.

मग वागणूक विचारावी? टांझानियातल्या म्वांझा भागात १९९८ पासून झालेला प्रयोग इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. वीस गावसमूह, सुमारे ९,६०० किशोरवयीन, त्यांतल्या निम्म्या समूहांत शाळेतून शिक्षण आणि युवास्नेही दवाखाने. तीन वर्षांनी ज्ञान वाढले, मुलांनी सांगितलेली वागणूकही सुधारली, पण रक्ततपासणीत एचआयव्हीत फरक दिसला नाही. म्हणजे मुले जे सांगतात आणि जे घडते यांत अंतर असते. जे ऐकायला आवडेल ते सांगायला मुले वर्गात शिकतातच.

केनियातल्या ३२८ शाळांतला प्रयोग आणखी शिकवून जातो. सरकारी एचआयव्ही अभ्यासक्रमासाठी शिक्षकांना प्रशिक्षण दिले, त्याने किशोरवयीन गर्भधारणा कमी झाल्या नाहीत. मोफत गणवेश दिले, मुली शाळेत टिकल्या आणि लग्ने-बाळंतपणे घटली. वेगळ्या एका गटात मुलींना कुठल्या वयाच्या पुरुषांत संसर्गाचे प्रमाण किती हे साध्या आकड्यांत सांगितले, तर गर्भधारणा २८ टक्क्यांनी कमी झाल्या. ‘लग्नापर्यंत थांबा’ या अभ्यासक्रमातल्या उपदेशाने जे झाले नाही ते आकड्यांनी आणि गणवेशाने केले. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते, असे पाचव्या पाहणीत दिसते. तेव्हा आपल्याकडे मुलगी दहावीपर्यंत शाळेत राहिली का, हाही एड्स-शिक्षणाच्या मूल्यमापनातला आकडा धरायला हवा. पटावर तो आधीच असतो, वेगळी पाहणी लागत नाही.

कायद्याची बाजूही आहे. पॉक्सो कायद्याने अठराखालच्या मुलाशी लैंगिक संबंध हा गुन्हा आहे आणि तो कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. त्यामुळे चौदा वर्षांच्या मुलाला नावानिशी अशी माहिती विचारणे म्हणजे त्याला आणि स्वतःला अडचणीत घालणे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिनियमांनुसार पालकांची संमती हवीच, शिवाय १२ ते १८ वयाच्या मुलाची स्वतःची लेखी तयारीही हवी. शाळांनी वैयक्तिक वागणूक विचारूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी प्रसंग द्यावेत : मित्राने एकाच ब्लेडने हातावर नाव कोरू असा आग्रह धरला, तू काय म्हणशील? मोठ्या वयाच्या ओळखीच्या माणसाने एकटे बोलावले, कुणाला सांगशील? मदत मागायची वाट माहीत आहे का, हे यातून नीट कळते.

दृष्टिकोन : हासेगावचे उदाहरण

२००९ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात ‘सेवालय’ या संस्थेतली एचआयव्हीसह जगणारी मुले गावच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा गावकऱ्यांनी आपली मुले शाळेत पाठवणेच बंद केले. राज्याची एड्स नियंत्रण संस्था स्थापन होऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. ‘सोबत बसल्याने एड्स होत नाही’ हे वाक्य भिंतींवर होते, ते पोटच्या पोराच्या बाकापर्यंत आले की डळमळले. ज्ञानाच्या चाचणीत हे सापडत नाही.

म्हणून वेगळे प्रश्न लागतात. एचआयव्ही असलेल्या मुलाने तुझ्या वर्गात बसावे का? भाजीवाल्याला एचआयव्ही आहे हे कळल्यावर त्याच्याकडून भाजी घेशील का? राष्ट्रीय पाहणीतही असे प्रश्न असतात. त्यांच्या जोडीला हेही विचारावे : अशा मुलाला शाळेने नकार देणे बेकायदेशीर आहे हे तुला माहीत आहे का? एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. शाळेत प्रवेश नाकारणे, भेदभाव करणे, संमतीवाचून तपासणी करणे किंवा कुणाची स्थिती उघड करणे याला त्यात मनाई आहे. हे मुलांइतकेच मुख्याध्यापकांनाही विचारायला हरकत नाही.

नाशिकमध्ये प्रत्यक्ष आखणी

सभागृहातल्या भाषणाआधी चाचणी आणि भाषणानंतर लगेच तीच चाचणी, ही पद्धत सोयीची म्हणून सगळीकडे चालते. तिने मोजली जाते ती अर्ध्या तासाची आठवण. दुसरी चाचणी निदान तीन ते सहा महिन्यांनी घ्यावी.

तुलनेसाठी दुसऱ्या शाळा हव्यात. समजा तास झालेल्या शाळांत बरोबर उत्तरे ३० टक्क्यांवरून ५५ वर गेली आणि तास न झालेल्या शाळांतही मोबाइल, टीव्ही, पाठ्यपुस्तक यांमुळे ३० वरून ४० वर गेली. मग तासाचे श्रेय २५ अंकांचे नाही, १५ अंकांचे. तुलनेच्या शाळांना कायमचे वंचित ठेवायचे नसते, त्यांचा तास पुढच्या सत्रात घ्यायचा.

निवड शाळांची करावी, विद्यार्थ्यांची नव्हे, कारण अ तुकडीत ऐकलेले ब तुकडीत मधल्या सुट्टीत पोहोचते. यात एक गणिती अडचण येते. एका शाळेतली मुले एकमेकांसारखी असतात, म्हणून दहा शाळांतली प्रत्येकी ४० मुले घेतली तरी ४०० वेगवेगळी मते मिळत नाहीत. मुलांमधल्या साम्याचा गुणांक ०.०५ धरला, तर सांख्यिकीच्या नेहमीच्या सूत्राने ती जेमतेम १३५ इतकी भरतात. एका मोठ्या शाळेत हजार अर्ज भरून घेण्यापेक्षा तीस शाळांत वीस-वीस मुले बरी, ती यासाठी. त्या तीस शाळांत शहरातल्या संस्थांच्या शाळा असाव्यात, निफाड-दिंडोरीच्या असाव्यात, मालेगावच्या उर्दू शाळा आणि सुरगाणा-पेठच्या आश्रमशाळा असाव्यात. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, परवानगीसाठी मुंबई गाठावी लागत नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठही इथेच आहे. सामाजिक वैद्यकशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधाला विषय हवाच असतो.

चाचणी घेताना वर्गशिक्षकाने बाहेर थांबावे. अर्जावर नाव नको, हजेरी क्रमांकही नको. मुलाने स्वतः ठरवलेली खूण पुरे, म्हणजे आधीचा आणि नंतरचा अर्ज जुळवता येतो.

निकालाचे काय करायचे

निकाल शाळेचा क्रमांक लावण्यासाठी वापरला की पुढच्या वर्षी शिक्षक उत्तरे घोकून घेतील, हे नक्की. तो त्या शाळेच्या शिक्षकांना द्यावा, कोणत्या प्रश्नावर मुले अडली एवढेच सांगावे आणि पालकसभेत मोकळेपणाने मांडावा. डॉ. राणी बंग यांच्या ‘तारुण्यभान’ शिबिरांनी गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात या विषयावर मुलांशी थेट बोलता येते हे दाखवले आहे. नाशिकच्या शिक्षकांना ते जमणार नाही असे मानायला कारण नाही, फक्त त्यांना एकदोन दिवसांच्या प्रशिक्षणाहून अधिक आधार लागेल.

मुख्याध्यापकांना एक विनंती. सत्राच्या सुरुवातीला पाच प्रश्नांचे एक पान मुलांना द्या, तेच सहा महिन्यांनी पुन्हा द्या आणि दोन्ही गठ्ठे स्वतः बघा. मदतीला जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक आहे, सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्राचे समुपदेशक शाळेत बोलावता येतात. आणि १०९७ हा मोफत, चोवीस तास चालणारा हेल्पलाइन क्रमांक प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर एकदा लिहून मुलांना वहीत उतरवून घ्यायला सांगा.